दगडाची खोड, भेगेची चाल

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की सरळगाव, टोकावडे, वैशाखरे अशी गावं मागे पडतात आणि मोरोशीच्या डोंगरावर एक भलीमोठी भिंत उभी दिसते. हा भैरवगड. पावसाळ्यात मुंबई-कल्याणची मंडळी रस्त्याच्या कडेला गाड्या लावून तिचे फोटो काढतात, गिर्यारोहक तिच्या अंगावरच्या तुटक पायऱ्यांच्या गोष्टी सांगतात. ही भिंत कुणी बांधलेली नाही. ती मुळात एक भेग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा खडक घडत असताना, तप्त शिलारस दाबाने वर घुसला, त्याने आधीचा खडक फाडला आणि त्या फटीतच तो थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला, फटीत थिजलेला टणक दगड तेवढा उरला. भूशास्त्रज्ञ त्याला डाईक म्हणतात.

वस्तू मोडून त्यांच्या आत बघण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. काँक्रीटचे क्यूब, दगडाचे गाभे, सळया असं बरंच काही मोडलं. या धंद्याचा अहवाल दोन पानांचा असतो: किती भार घेतला, कधी मोडला, पास की नापास. मोडताना भेग कुठून गेली, सरळ गेली की वळसे घेत, आतली बाजू आरशासारखी निघाली की खरखरीत, हे त्या दोन पानांत येत नाही. ज्यांनी तिकडे लक्ष दिलं त्यांना बरेचदा वेळ फुकट घालवल्याचे टोमणे ऐकावे लागले. त्यातलेच हे काही किस्से, काही आमच्या टोकावड्याकडचे तर काही साता समुद्रापलीकडचे.

पांढऱ्या पोटाचा दगड

आमच्याकडच्या खाणींत काळा दगड काढतात. शहरी माणसाला तो सगळा सारखाच दिसतो. जोत्याचे चिरे घडवणारा वडार मात्र आधी हातोडीने दगड वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर पुढची बोलणी, भद्द वाजला की तो बाजूला. एकदा एका म्हाताऱ्या कारागिराने असाच एक चांगला दिसणारा दगड पायाने ढकलून दिला. मी विचारलं, ‘‘बाबा, ह्यात काय वाईट आहे?’’

‘‘पोटात पांढरं हाय त्याच्या,’’ तो म्हणाला. ‘‘ह्यो सरळ जायाचा नाय.’’

‘‘पाचरी जास्त मारल्या तर?’’

‘‘सायेब, पाचर मी मारनार, पन वाट त्योच काढनार.’’

त्याने तो दगड माझ्या समाधानासाठी फोडून दाखवला. छिन्नीने रेघ आखली, ओळीने भोकं पाडली, पाचरी ठोकल्या. भेग रेघेवरून निघाली खरी, पण वीतभर गेली आणि भरकटली. फुटलेली बाजू हाताला लागण्याइतकी उंचसखल होती. शेजारी पडलेला गाढ काळा दगड त्याने त्याच पद्धतीने फोडला, तो मात्र जवळजवळ सपाट निघाला, कडा ब्लेडसारख्या.

पांढरं म्हणजे काय? लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. थराच्या माथ्याकडे ते जास्त, पोटाकडे कमी. पुढे लाखो वर्षांत पाझरणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारेसारखी खनिजं भरली जातात. म्हणजे एकाच खाणीत, कधी एकाच कड्यात, वर ठिपक्यांचा दगड आणि खाली एकसंध दगड मिळतो. दोन्ही बसाल्टच. फरक एवढाच की एकाच्या पोटात मिसळ जास्त. प्रयोगशाळेतले लोक या मिसळीला अव्यवस्था म्हणतात: कणांचा आकार वेगळा, जोड कमीजास्त पक्के, मधेच पोकळी, मधेच मऊ खनिज. भेगेच्या खडबडीतपणाचं सगळं शास्त्र या अव्यवस्थेभोवती फिरतं. वडाराला ते कानाने कळत होतं. शास्त्राला तिथवर यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

फार्नबरोची आग

तडे जाण्याचं आधुनिक शास्त्र सुरू झालं ते इंग्लंडच्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन केंद्रात, आणि तेही थोडं चोरूनमारून. ॲलन ग्रिफिथ नावाचा तरुण इंजिनिअर काचेच्या काड्या ओढून तोडत बसे. विमानं लाकूड, कापड आणि धातूची. काचेशी विमानाचा काय संबंध, असं वरिष्ठांना वाटणं स्वाभाविक होतं. पण ग्रिफिथला असा पदार्थ हवा होता ज्यात अव्यवस्था जवळजवळ नाहीच.

त्याने बघितलं की सुमारे मिलिमीटरभर जाडीची काचेची काडी जेवढा ताण सोसते, त्याच्या जवळपास वीसपट ताण केसाहून कितीतरी बारीक तंतू सोसतो. काच तीच, मग ताकद वीसपट कशी? १९२१ साली छापलेल्या निबंधात त्याने उत्तर दिलं: जाड काचेच्या अंगावर आधीच न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, त्यांच्या टोकाशी ताण एकवटतो. भेग पुढे सरकताना जेवढी ऊर्जा सुटते ती नवे पृष्ठभाग तयार करायला पुरेशी झाली की भेग सुटते. वस्तूची ताकद तिच्या सगळ्यात वाईट चिरेवर ठरते.

पडद्यामागची गोष्ट पुढे आहे. ग्रिफिथचा सहकारी होता बेन लॉकस्पायझर. जे. ई. गॉर्डन या पदार्थशास्त्रज्ञाने सांगितलेली हकिगत अशी की एका संध्याकाळी थकलेला लॉकस्पायझर काच वितळवण्याचा गॅसचा टॉर्च बंद न करताच घरी गेला. आग लागली, चौकशी बसली, आणि दोघांना फर्मान निघालं की आता हे काचेचे खेळ पुरे. ग्रिफिथला दुसऱ्या कामावर टाकलं. तिथे त्याने १९२६ साली टर्बाइनच्या पात्यांचा सिद्धान्त मांडला आणि जेट इंजिनांच्या इतिहासात नाव कमावलं. लॉकस्पायझर पुढे सर झाला आणि युरोपच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या परिषदेचा पहिला अध्यक्षही. पण तडे मात्र पुढची बरीच वर्षं पोरके राहिले.

ग्रिफिथने सांगितलं ते भेग कधी सुटेल याबद्दल. सुटल्यावर वाटेत दगडाच्या पोटातलं पांढरं आलं तर ती काय करेल, हे काचेला विचारून कळणार नव्हतं. आणि खरं तर काचसुद्धा शेवटपर्यंत गुळगुळीत फुटत नाही. फुटलेल्या काचेच्या काठावर नीट बघा: भेग जिथून सुरू झाली तिथे आरसा, थोडं पुढे धूसर पट्टा, आणि वेग वाढला तशा खरखरीत रेघा. म्हणजे खडबडीतपणाला वेगही कारण होतो. पण संथ चालणाऱ्या भेगेलाही जो खडबडीत करतो तो पदार्थाचा स्वतःचा स्वभाव.

बेटं मोजणारी माणसं

१९८४ साली ‘नेचर’मध्ये एक निबंध आला आणि धातू तपासणाऱ्यांच्या जगात खळबळ उडाली. त्यावर बेन्वा मँडेलब्रो, डॅन पासोजा आणि ॲल्विन पॉली अशी तीन नावं होती. मँडेलब्रो म्हणजे फ्रॅक्टल भूमितीचा जनक, आयबीएममध्ये काम करणारा गणिती. तिघांनी अतिशय मजबूत पोलादाचे नमुने आघाताने मोडले. मोडलेल्या खडबडीत बाजूवर निकेलचा मुलामा चढवला आणि मग ती बाजू हळूहळू घासायला घेतली. घासता घासता आधी सर्वांत उंच टोकं उघडी पडतात, निकेलच्या समुद्रात पोलादाची बेटं दिसू लागतात. आणखी घासलं की बेटं मोठी होतात, एकमेकांना मिळतात. त्या बेटांचा परीघ आणि क्षेत्रफळ मोजून त्यांनी पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा एक आकडा काढला.

आणि त्यांनी म्हटलं की पोलादाची आघात सोसायची ताकद बदलते तसा हा आकडाही बदलतो. यातला मोह लक्षात घ्या. अपघातानंतर मोडका तुकडा हातात आला की नुसत्या त्याच्या खडबडीतपणावरून तो किती चिवट होता ते सांगता येईल! लोक सगळीकडे मोडक्या वस्तू घासत सुटले. आकडे जुळेनात. कुणाला चिवटपणा वाढला की आकडा वाढलेला दिसे, कुणाला घटलेला.

१९९० साली फ्रान्सच्या ओनेरा या विमान-अवकाश संशोधन संस्थेतल्या एलिझाबेथ बूशो आणि तिच्या सहकाऱ्यांनी हा मोहच मोडला. त्यांनी ॲल्युमिनियमचा एकच मिश्रधातू घेतला, त्याला वेगवेगळी उष्णता-प्रक्रिया दिली. त्यामुळे चिवटपणा बदलला, भेग कधी कणांच्या मधून तर कधी कणांच्या कडेने गेली. पण खडबडीतपणाचा घातांक प्रत्येक वेळी ०.८ च्या आसपास. १९९२ मध्ये नॉर्वेच्या क्नुट यॉर्गन मॉलॉय आणि मंडळींनी सहा निरनिराळे ठिसूळ पदार्थ मोडून बघितले, तिथे ०.८७ आला.

हा घातांक म्हणजे काय ते सोप्या हिशेबात सांगतो. फुटलेल्या बाजूवर एक सेंटिमीटरची रेघ घ्या आणि त्या रेघेवर चढउतार किती ते मोजा. मग दहा सेंटिमीटरची रेघ घ्या. घातांक ०.८ असेल तर चढउतार सुमारे सहापट होतो. घातांक ०.४ असेल तर जेमतेम अडीचपट. म्हणजे मोठ्या अंतरावर भेग किती भरकटते त्याचं हे माप आहे. एका जागी ती किती खरखरीत वाटते त्याचं माप वेगळं. दोन्ही एकत्र केल्यामुळेच आधीच्या लोकांचा घोळ झाला होता. ॲल्युमिनियमचा तुकडा आणि चिनीमातीचा तुकडा हाताला वेगळे लागतील, पण भरकटण्याचा नियम मात्र एकच असू शकतो.

यालाही अपवाद निघाला, तोही दगडानेच काढला. वालुकाश्माची फुटलेली बाजू मोजली तेव्हा घातांक ०.४ ते ०.५ च्या दरम्यान भरला. पुन्हा वाद. अखेर २००६ साली डॅनिएल बोनामी, लॉरां पाँसो, बूशो प्रभृतींनी काचेचे मणी भाजून एकमेकांना चिकटवून केलेल्या पदार्थावर काम केलं आणि दोन्ही आकड्यांना आपापली जागा मिळाली. भेगेच्या टोकापुढे पदार्थ आधीच बारीक बारीक फुटलेला असतो. या नासलेल्या पट्ट्याच्या आतल्या अंतरावर मोजलं तर ०.८, त्या पट्ट्याहून मोठ्या अंतरावर मोजलं तर ०.४. वालुकाश्मात हा पट्टा कणाएवढाच लहान, म्हणून तिथे दुसराच आकडा हाती लागतो. पोटातल्या अव्यवस्थेने ठरवलं ते हे: कोणत्या अंतरापर्यंत कोणता नियम चालेल आणि एकूण खरखर किती असेल.

उडालेल्या फ्यूजांची जाळी

टोकावड्यात पावसाळ्यात वीज गेली की पहिला प्रश्न असतो, फ्यूज उडाला का. भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ च्या सुमारास भेगांचा अभ्यास याच प्रश्नावर नेला. संगणकात फ्यूजांची एक मोठी जाळी मांडायची. प्रत्येक फ्यूजची क्षमता चिठ्ठी टाकून ठरवायची, कुणाची कमी, कुणाची जास्त. मग विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. जो फ्यूज उडेल त्याचा प्रवाह शेजाऱ्यांवर येतो, मग कदाचित त्यातला एखादा उडतो. जाळी आरपार तुटली की उडालेल्या फ्यूजांची वाट म्हणजे भेग. खऱ्या पदार्थात बळ असतं, इथे वीज. पण हिशेब मिळताजुळता आहे आणि खूप स्वस्त.

आपल्या विषयाचं मर्म या जाळीत लख्ख दिसतं. सगळ्या फ्यूजांची क्षमता जवळपास सारखी ठेवा: पहिला फ्यूज उडाला की सर्वांत जास्त भार त्याच्या लगतच्या दोघांवर येतो, तेच उडतात, पुन्हा त्यांचे शेजारी. भेग सरळ धावते, बाजूला काही होतच नाही. आता क्षमतांत प्रचंड तफावत ठेवा: भार लगतच्या फ्यूजवर जास्त असला तरी तो दणकट निघतो, आणि लांबचा एखादा मरतुकडा फ्यूज आधी जातो. जाळीभर इकडेतिकडे फ्यूज उडत राहतात. शेवटी या विखुरलेल्या भोकांना जोडत जी वाट तयार होते ती वळणावळणाची. म्हणजे भेगेच्या खडबडीतपणात दोन ताकदींची रस्सीखेच असते. भेगेच्या टोकाशी एकवटणारा ताण तिला सरळ रेटतो, पदार्थातली तफावत तिला बाजूला ओढते.

१९९१ मध्ये हान्सेन, हिनरिक्सेन आणि रू यांनी अशा जाळ्यांवरच्या भेगा मोजल्या. चिठ्ठ्या टाकायची पद्धत बदलली तरी घातांक ०.७ च्या आसपास घुटमळत राहिला. भारतात कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये विकास चक्रवर्ती यांनी या विषयाचं घराणंच उभं केलं. अव्यवस्थित पदार्थ कसे तुटतात यावरचं त्यांचं आणि बेंगिगी यांचं पुस्तक १९९७ साली ऑक्सफर्डने काढलं.

क्यूब फोडणाऱ्याची नजर

आमच्या प्रयोगशाळांत काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब येतात, सात दिवसांचे, अठ्ठावीस दिवसांचे. यंत्रावरचा आकडा वहीत जातो आणि तुकडे ढिगाऱ्यावर. एका प्रयोगशाळेतला जुना मदतनीस आकडा बघायच्या आधी तुकडा उचलून आतली बाजू बघे. एके दिवशी एका कामाचे क्यूब आकड्यात कसेबसे पास झाले होते. त्याने तुकडा माझ्यापुढे धरला. खडीचे दगड दाताच्या खोबणीतून दात निघावा तसे अख्खेच्या अख्खे बाहेर आले होते, मागे गुळगुळीत खळगे. ‘‘साहेब, खडी धुतलेली नाही. डस्टसकट ओतलीय.’’ क्रशरची बारीक भुकटी दगडाला चिकटून राहिली की सिमेंट दगडाला धरत नाही, भुकटीला धरतं. साइटवर जाऊन बघितलं तर खडीचा ढीग पांढराफटक.

साध्या काँक्रीटमध्ये भेग खडीला वळसा घालून जाते, कारण आपल्याकडचा काळा दगड सिमेंटच्या खळीपेक्षा कितीतरी कणखर आणि दोघांमधला जोड सर्वांत कच्चा. त्यामुळे फुटलेली बाजू खडबडीत निघते. फार उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये खळ आणि जोड दोन्ही इतके पक्के असतात की भेग खडी कापूनच जाते. बाजू सपाट निघते. वरकरणी हे चांगलं. पण एक गोष्ट हातची जाते. खडबडीत भेगेच्या दोन बाजू एकमेकींत अडकतात आणि घसरत नाहीत, भेग पडल्यावरही तुळई थोडाफार कातरभार घेत राहते. नेदरलँड्सच्या योस्ट वॉलरावेन यांनी १९८१ मध्ये या अडकण्याचा हिशेब मांडला. त्यात खडीचा आकार ही मुख्य बाब आहे.

भेग पडल्यावर काय उरतं, हा प्रश्न महाराष्ट्राने एका पहाटे फार मोठ्या मापात बघितला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या उंच भागांत, पायापासून सुमारे ६६ मीटरवर जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. धरण उभं राहिलं. भेगा बुजवल्या, पुढे मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केलं. आणि या आपत्तीचा जगाला एक विलक्षण उपयोग झाला. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत भूकंपमापक यंत्र होतं आणि त्याने धक्क्याची नोंद पकडली. तडा गेलेलं धरण आणि त्याच धरणातली धक्क्याची नोंद, असा जोड जगात दुर्मीळ. अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती (वर आलेले विकास नव्हेत) यांनी १९७३ मध्ये त्याचं विश्लेषण छापलं, आणि तेव्हापासून धरणाला तडा कसा जातो याचं गणित मांडणारा जवळजवळ प्रत्येक जण आपलं गणित आधी कोयनेवर तपासतो. जगप्रसिद्ध संगणक-प्रणालींच्या उदाहरणसंग्रहातही कोयना धरण आहे.

गंमत अशी की त्या बहुतेक गणितांत धरण एकजिनसी मानलेलं असतं. प्रत्यक्षात कोयना धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड घालून बांधलेलं आहे. भेग कुठे सुरू होईल ते एकजिनसी गणित बरोबर सांगतं, कारण ते धरणाच्या आकारावर ठरतं. आत गेल्यावर तिचा चेहरा कसा असेल ते दगडांवर ठरतं, आणि वरचा भाग खालच्यावर किती घट्ट बसून राहील तेही.

जेलीतल्या पायऱ्या

भेग चालताना बघणं अवघड, कारण काचेत ती सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगाने जाऊ शकते. म्हणून काही संशोधकांनी काच सोडून जेली धरली. पाण्याने भरलेल्या ठिसूळ जेलमध्ये भेग कितीतरी संथ चालते आणि पदार्थ पारदर्शक असल्याने कॅमेऱ्याला आतलं सगळं दिसतं. हार्वर्डमध्ये विल स्टाइनहार्ट आणि श्मुएल रुबिनस्टाइन यांनी असा जेल घेतला, त्यात मुद्दाम बारीक मणी किंवा ग्लिसरीन मिसळलं आणि आत द्रव दाबून भेग पाडली. अव्यवस्था किती आणि केवढी, हे त्यांच्या हातात होतं. त्यांचा निबंध २०२२ साली आला.

भेगेची पुढची कड म्हणजे भात कापत निघालेल्या बायांची ओळ समजा. शेत एकसारखं असेल तर ओळ सरळ सरकते. एकीपुढे गुंताडा आला तर ती मागे राहते, ओळ वाकते, पण थोड्या वेळाने पुन्हा सरळ होते. जेलमध्ये लहान मण्यांनी एवढंच झालं. कडेला किंचित बाक आला आणि तो जिरून गेला, मागे खूण नाही. मात्र अडथळा एका ठरावीक आकारापेक्षा मोठा असला की कड तुटते. तिचे दोन भाग किंचित वेगवेगळ्या पातळीवर चालू लागतात आणि मधे एक पायरी तयार होते. ही पायरी कडेबरोबर पुढे जाताना बाजूलाही सरकते. समोरून उलटी पायरी आली की दोघी एकमेकींना संपवतात. फुटलेल्या बाजूवरचा सगळा खडबडीतपणा म्हणजे जन्मलेल्या आणि मेलेल्या पायऱ्यांचा माग.

त्यातून निघालेला हिशेब वडाराला आवडला असता. पायरी जन्मण्याची शक्यता मण्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढते, पण मण्याच्या जाडीच्या अडीचव्या घाताने. मणी दुप्पट केले तर शक्यता दुप्पट. मण्यांची संख्या तीच ठेवून प्रत्येकाची जाडी दुप्पट केली तर साडेपाचपटीहून जास्त. चार मोठे ठिपके शंभर बारीक ठिपक्यांना भारी पडू शकतात. खाणीत दगड निवडताना तो म्हातारा ठिपके मोजत नव्हता, केवढाले आहेत ते ओळखत होता.

आणि भैरवगडाची भिंत घडली तीही द्रवाच्या दाबाने पडलेल्या भेगेत. जगभरच्या डाईकांमध्ये अशा पायऱ्या, सरकलेले तुकडे दिसतात. जेलमध्ये मिलिमीटरच्या मापात जे दिसतं, तेच खडकात मीटरच्या मापात.

दहा रेषा

शेवटचा किस्सा सर्वांत घरगुती आणि सर्वांत जास्त पैशांचा. १९७७ साली निक बार्टन आणि चौबे यांनी खडकातल्या सांध्यांवर, म्हणजे नैसर्गिक भेगांवर, एक निबंध लिहिला. त्यांनी खडकाचे १३६ सांधे तपासले. चाचणी किती साधी: सांध्याचे दोन अर्धे एकावर एक ठेवायचे आणि वरचा आपल्या वजनाने घसरेपर्यंत नमुना तिरपा करत जायचं. त्यावरून खडबडीतपणाला शून्य ते वीस असा अंक दिला आणि सोबत नमुन्यादाखल दहा रेषा छापल्या, प्रत्येकी दहा सेंटिमीटरची, सपाट रेषेपासून दातेरी रेषेपर्यंत. आजही जगभरचे बोगदे, खाणी आणि घाटरस्ते या दहा रेषांशी डोळ्याने तुलना करून आखले जातात. सुताराकडे असतो तसा आकार उतरवायचा कंगवा खडकावर दाबायचा आणि कुठल्या रेषेशी जुळतो ते बघायचं.

बोगद्यांसाठी खडकाची प्रत ठरवणारी नॉर्वेची क्यू पद्धत १९७४ पासून चालते. तिच्यात सपाट, गुळगुळीत सांध्याला १ गुण आणि खडबडीत, लाटेरी सांध्याला ३. बाकी सगळं सारखं असलं तरी एवढ्याने खडकाची प्रत तिप्पट ठरते, आणि आधाराचे बोल्ट, काँक्रीटचा थर, खर्च सगळं त्यावर हलतं. शहापूर तालुक्याच्या डोंगरातून समृद्धी महामार्गाचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा इगतपुरीकडे गेला आहे. अशा कामांत प्रत्येक सुरुंगानंतर भूशास्त्रज्ञाला समोरच्या खडकाची नोंद घ्यायला थोडाच वेळ मिळतो. मागे डंपर उभे असतात.

माळशेजसारख्या घाटांत दरडीचा प्रश्न इथेच अडतो. एकसंध बसाल्टमधले थंड होताना पडलेले सांधे तुलनेने सपाट असतात, लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मातकट पट्टा तर ओला झाला की निसरडाच. ठिपक्यांच्या दगडात फुटलेली बाजू खडबडीत असते, पण तो दगड लवकर झिजतो. कुठे काय आहे हे दहा-दहा पावलांवर बदलतं.

पाण्याचंही तसंच. शहापुरात तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. काळ्या दगडाच्या अंगात पाणी फारसं मुरत नाही, बोअरला लागतं ते भेगांतलं. भेगेतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं, रुंदी दुप्पट तर पाणी आठपट. सपाट भेगेच्या बाजू पुन्हा मिटतात. खडबडीत भेग जराशी सरकली की बाजू एकमेकींत बसत नाहीत आणि ती उघडीच राहते. एका बोअरला दोन इंच पाणी आणि तीस फुटांवरच्या दुसऱ्याला धूळ, याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

एवढं सगळं कळून आपल्याकडच्या अहवालांत काय दिसतं? खडबडीतपणाच्या रकान्यात पहिल्या पानावर ‘रफ, अंड्युलेटिंग’ लिहिलेलं असतं आणि पुढच्या चाळीस पानांवर तेच उतरवलेलं. एका कामावर मी विचारलं की कंगवा कुठे आहे, तर उत्तर आलं, ‘‘कसला कंगवा?’’ कोट्यवधींच्या कामात काही शे रुपयांचं हत्यार नव्हतं. भेगेची लांबी आणि रुंदी आपण टेपने मोजतो कारण त्या बाहेरून दिसतात. तिची खरखर मोजायला मोडलेला तुकडा उचलून उलटा करावा लागतो, त्यावरून हात फिरवावा लागतो. क्यूबच्या अहवालात फुटलेल्या बाजूचा एक फोटो आणि घाटाच्या अहवालात प्रत्येक सांध्याची कंगव्याने उतरवलेली एक रेघ, एवढं सक्तीचं केलं तरी पुष्कळ काम होईल. रकाना आधीपासून छापलेलाच आहे.